पत्र्याखालचं बारदान

हीटर रात्रभर चालू ठेवला की ओळीतल्या सगळ्या खोल्यांची लाईट जायची. त्यात मीटर एकच, बिल फुगलेलं. घरमालक दारात येऊन शिवराजला म्हणाला, "हीटर तरी ठेव, न्हाईतर खोली तरी ठेव."

शिवराज बीदरमध्ये ऑटो चालवतो. त्याची आई शांताबाई नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. डॉक्टरांनी गारठ्यात ठेवू नका म्हणून बजावलेलं, आणि खोली पत्र्याची. बीदर उंचावर. पत्र्याखाली झोपणं आणि उघड्यावर झोपणं यात थंडीत फार फरक नसतो. खोलीत ऊब राहिली नाही तर शांताबाईंना हैदराबादला लेकीकडे पाठवायचं ठरलं होतं. त्यांना जायचं नव्हतं. "जावयाच्या दारात खोकत बसायला मी जायची न्हाई," त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

मी मार्केटात बारदान शिवते. बारदान म्हणजे धान्याची तागाची पोती. फाटलेल्याला ठिगळ लावायचं, भरलेल्याचं तोंड शिवायचं. शिवराज तिथे भाडं घेऊन यायचा. त्यानं विचारलं, "मावशी, पोत्याचं छत शिवून देताव का?"

ऑर्डर सोपी वाटली. पत्रा गार पडला की खोलीतली ऊब त्याच्यातून निघून जाते. मध्ये जाड काही आलं की ती खाली राहते. पोती उसवून दुहेरी शिवली आणि पत्र्याला लगटून घट्ट ताणून बांधली. गॅसच्या वर तेवढी घेतली नाहीत, ताग लगेच पेटतो.

दुसऱ्या दिवशी शिवराज मार्केटात आला. "मावशी, आई बोलवायलीय. तापलीय तुमच्यावर."

गेले. शांताबाई बाज ओढून दारापाशी बसलेल्या. "या अक्का. भर थंडीत पाऊस पाडायलाव तुम्ही."

पोती ओली होती, अंथरूणही.

"पत्रा गळतोय काय?" मी विचारलं.

"पावसाळ्यात गळला न्हाई, आता कामून गळंल?"

स्टुलावर चढून हात लावला. पोत्याची पत्र्याकडची बाजू चिंब. भाताची वाफ, माणसाचा श्वास, सगळं वर जातं आणि गार पत्र्याला लागून त्याचं पाणी होतं. आधी ते पाणी पत्र्याच्या उतारानं भिंतीकडे जायचं. आता पोतं पिऊन घेत होतं आणि शांताबाईंवर सोडत होतं. मी तसं सांगितलं.

शिवराज म्हणाला, "काढून टाका मावशी. मी आईचं तिकीट काढतो."

"तू तुझा ऑटो बघ," शांताबाई म्हणाल्या. "बाई बोलायलीय न्हवं? बोलू दे."

गोडाऊनमध्ये आम्ही पोत्यांची थप्पी भिंतीला कधी टेकवत नाही. ओल लागते. तेच इथे करायचं होतं. छत उतरवून उन्हात वाळवलं. खताची प्लास्टिकची पोती धुऊन, उसवून त्याच्या पाठीवर शिवली. मग पत्र्यापासून वीतभर सोडून, मागच्या भिंतीकडे उतार देऊन सगळं टांगलं. थेंब पडला तर प्लास्टिकवरून भिंतीकडे जाईल, खाली नाही.

"आणि भात शिजताना खिडकी उघडी ठेवायची," मी शिवराजला सांगितलं.

"थंडी आत येईल की."

"येऊ दे. वाफ गेली की लाव."

दोन दिवसांनी सकाळी गेले. पोती कोरडी, अंथरूण कोरडं. हीटर बंद करून कोपऱ्यात सरकवलेला, त्यावर शांताबाईंचं लुगडं वाळत पडलेलं. संध्याकाळी थोडा वेळ लावतात, मग लागत नाही. लाईट गेली नव्हती.

"हैदराबाद?" मी विचारलं.

"लेक येईल की बघायला," शांताबाई म्हणाल्या. "शिवराज, तिला सांग, येताना चादर आण. मला न्हाई, तिलाच लागंल, इथल्या थंडीची सवय गेलीय तिची." शिवराज हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, तोंडावरून तसं वाटलं. मलाही हायसं झालं. परत उसवायला लागलं असतं तर बोटं राहिली नसती.

बाहेर पडताना घरमालक भेटला. "आमच्या वरच्या खोलीत कधी येताव?" म्हणाला.

गेले. त्याचंही छत टांगून दिलं. आता प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट करते. काम झालं की दुसऱ्या दिवशी जाते आणि खाली झोपलेल्या माणसालाच विचारते. ऑर्डर देणारा नुसता वर बघतो आणि छान म्हणतो.