ब्लॅकआऊटमधला चंद्र

काल संध्याकाळी गच्चीवर शेजारच्या सूनबाईंनी मोबाईलवर टिपलेला चंद्र मला दाखवला. काळ्याभोर आकाशात नुसता पांढरा फटक ठिपका. ना धड कडा, ना अंगावरचे डाग. "असा का येतो हो, काकू?" त्या हिरमुसून म्हणाल्या. उजेड कमी करा, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. चंद्राचा उजेड कमी व्हावा म्हणून हात जोडणारी बाई मी पाहिलेली आहे.

एकाहत्तरच्या युद्धाचे दिवस होते. आम्ही मूळचे सोनईचे. पण मी नगरच्या एका शाळेत शिकवत होते आणि वहिनी माझ्यासोबत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. दादा फौजेत. सुट्टीवर आला की कॅमेरा गळ्यात अडकवूनच हिंडायचा, आणि सीमेवर जाताना तो माझ्या हवाली करून गेला होता. चंद्राचा फोटो काढायची मला भारी हौस. रात्र आहे म्हणून मी शटर खूप वेळ उघडं ठेवायचे आणि फोटोत चंद्राच्या जागी दुधाचा ओघळ यायचा. मागच्या सुट्टीत ते पाहून दादा पोट धरून हसला होता. "अगं, चंद्र म्हंजे उन्हात पडलेला धोंडा हाय. रात तुज्या अंगनात, त्याच्यावर भरदुपार. उन्हात काढती तसाच फोटू काढ. अन् खटका दाबताना श्वास धर. बंदुकीचं बी तसंच अस्तं." ते शेवटचं ऐकून वहिनी उठून आत गेली होती.

ब्लॅकआऊटमध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, रस्त्यावरचे दिवे बंद, आणि कुठे फटीतून उजेड दिसला की गल्लीत होमगार्डची शिट्टी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. दिवेलागण झाली, म्हणजे दिवे न लावताच ती वेळ टळली, आणि पूर्वेकडच्या कौलांमागून चंद्र वर आला. सरकारने विझवलेलं सगळं शहर त्याने एकट्याने उजळून टाकलं. दोरीवरची धुणी, पाण्याचे हौद, शेजारच्या अंगणातली निजलेली शेळीसुद्धा स्वच्छ दिसू लागली. मी हरखून गेले. गच्चीच्या कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि दादाने सांगितल्याप्रमाणे भर उन्हातल्या फोटोचे आकडे लावले.

वहिनी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती. दिवसभर रेडिओला कान लावून तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"वन्सं, नका त्याचं कौतिक करू."

"काय झालं, वहिनी?"

"हितं मला तुमच्या केसातली पिन दिसती. मंग तिथं मानूस दिसत नसंल व्हय?"

आणि तिने हात जोडले. "ढगाआड जा रं बाबा. चार दिस तरी जा." आमच्या मुलखात ढगांसाठी मान वर करणारी माणसं मी जन्मापासून पाहत आले होते, पण ती शेतासाठी. माझं बोट मात्र खटक्यावरच होतं. मी श्वास धरला आणि दाबला. मग तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसले. आम्ही दोघी वर बघत राहिलो. ढगाचा चुकार तुकडाही आला नाही.

युद्ध संपलं आणि दादा परत आला. वाळला होता, पण धडधाकट होता. मी तो फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला होता. चंद्र आला होता मिरीच्या दाण्याएवढाच, पण कडा रेखीव आणि डाग अगदी स्पष्ट. मोठ्या तोऱ्यात मी तो त्याच्या हातात ठेवला. "कवाचा?" त्याने विचारलं. मी ती संध्याकाळ सांगितली. त्याने फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"लई साफ आलाय. त्या राती आमच्यातला एकजन पानी आनाया उठला. झऱ्यापतुर पोचला न्हाई. उजेड लई हुता."

वहिनीने त्याची बाही घट्ट धरली. मला आधी वाटलं, आपला तर आला; आणि पाठोपाठ त्या वाटण्याचीच लाज वाटली.

दूर गेलेल्या माणसाला आणि घरच्यांना एकच चंद्र दिसतो, याचं आपण किती कौतुक करतो. ते खोटं नाही. पाण्याला उठलेल्या त्या माणसाच्या घरीही त्या संध्याकाळी कुणी अंगणात बसलं असेल, आणि त्यांनाही तो चंद्र तितकाच सुंदर दिसला असेल.