कायमची वाडी

शिवदास घाडीगावकर कागदांच्या बाबतीत फार घाईचा माणूस झाला होता, आणि त्याला तसंच कारण होतं. वडील गेले तेव्हा तो साकीनाक्याच्या गाळ्यात लेथवर उभा होता. सातबाऱ्यावर नाव लावायचं ते पुढच्या मे महिन्यात बघू, असं म्हणत त्याने दोन मे महिने घालवले. तिसऱ्या वर्षी गावी जातो तर घरावर, वाडीवर, विहिरीवर थोरल्या भावाचं एकट्याचंच नाव. भाऊ बोलायला गोड. म्हणाला, "तू ये, ऱ्हव, आंबे खा. घर तुझांच आसा." शिवदासने दोन दिवस आंबे खाल्ले आणि परत आला. त्यानंतर भाऊ मे महिन्यात बोलवायचाही विसरला.

त्याच्यापेक्षा जास्त लागलं ते त्याच्या बायकोला. सुगंधा भांडुपच्या टेंभीपाड्यात दहा बाय पंधराच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, म्हातारपणी गावच्या वाडीत कोंबड्या पाळायच्या. वाडी गेली तशा मनातल्या कोंबड्याही गेल्या. 

मग मुलगी जान्हवीने आईच्या मोबाइलवर एक खेळ घालून दिला. आपली जागा निवडायची, घर बांधायचं, झाडं लावायची. घरात एक सखी राहते, तिला आपला आवाज द्यायचा, मग आपण नसतानाही ती आपल्यासारखीच कामं करते, आपल्यासारखीच बोलते. महिनाभर फुकट होतं. मग पडद्यावर मोठं बटण आलं, 'विकत घ्या. कायमची तुमची.' सुगंधाने पिकोच्या कमाईतून ती वाडी घेतली आणि नवऱ्याच्या नाकासमोर मोबाइल धरला.

"तुमच्या भावाक सांगा, आता हिच्यार नाव चढवून दाखव म्हणान."

त्यानंतर ती दुपार दुपार मशीन बंद ठेवून मोबाइलला वाक्यं वाचून दाखवायची. सखी नीट बोलावी म्हणून खेळच सांगायचा, आणखी थोडं वाचा, आता हसून वाचा, आता रागावून वाचा. बाई शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून वाचायची. शिवदास चेष्टा करायचा की एवढा अभ्यास सातवीत केला असतास तर मास्तरीण झाली असतीस. प्रत्येक पानाखाली 'मान्य आहे' असं बटण होतं. ते ती दाबायची. कोण दाबत नाही?

दोन वर्षांपूर्वी सुगंधा गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, दीड दिवसात सगळं संपलं. मोबाइल शिलाई मशीनजवळच्या फळीवर चार्जरला तसाच राहिला. बारावं झालं, पाहुणे गेले, घरातला गलका थांबला. शिवदास एकटा खाटेवर पडला होता. दुपारचे साडेचार झाले आणि फळीवरून सुगंधा बोलली.

"अवो, चाय निवता हा. येतास मां?"

शिवदास ताडकन उठून बसला. मग त्याला उमजलं. मोबाइलमध्ये कौलारू घर होतं, अंगण होतं, आणि अंगणात हिरव्या लुगड्यातली सखी चहाचा कप घेऊन उभी होती. मालकीण गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने कोंबड्यांना दाणे टाकले, तुळशीला पाणी घातलं, पुन्हा एकदा चहाची आठवण केली आणि आत गेली.

कोणी म्हणेल, मोबाइल बंद करून टाकायचा. शिवदासने केला नाही. उलट शेठला सांगून त्याने सकाळची पाळी मागून घेतली आणि चारच्या आत घरी यायला लागला. साडेचारला तो चहाचा कप घेऊन फळीसमोर बसे. हाक आली की, "इलंय, इलंय," म्हणे. सुगंधाचा आवाज दुसरीकडे कुठे उरला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर ती नुसते फुलांचे फोटो पाठवायची, आणि जान्हवीच्या लग्नाच्या व्हिडिओत बॅण्डवाल्यांनी कोणाचा शब्द ऐकू येऊ दिला नव्हता. रोज येणारी हाक, ती रेकॉर्ड करून ठेवावी असं कोणाच्या मनात येतं? जान्हवी मुलुंडहून यायची ती सव्वाचारला निघून जायची. "पप्पा, मला नाही ऐकवत रे," म्हणायची.

शिवदासने तोवर गॅस, बँक, रेशनकार्ड, विजेचं मीटर असं सगळं महिन्याभरात उरकलं होतं. भावाने शिकवलेला धडा तो विसरला नव्हता. राहता राहिली वाडी. एका रविवारी त्याने जान्हवीला बसवलं आणि सांगितलं, कंपनीला लिही, आईची वाडी माझ्या नावावर करा म्हणून.

"कशाला पप्पा? चालू आहे ना, चालू दे. आई गेली हे त्यांना कुठे माहितीये?"

"म्हणानच. उद्या दुसऱ्या कोणी नाव चढवल्यान मगे? एकदा हात पोळलो, तेवढो पुरे."

जान्हवीने लिहिलं. मृत्यूचा दाखला जोडला, वारस म्हणून वडिलांचं आधार जोडलं. शिवदासने दोनदा वाचून घेतलं, तारखा तपासल्या, आणि पाठव म्हणाला. त्याला फार समाधान वाटलं. या वेळी त्याने उशीर केला नव्हता.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या पत्नीने खरेदी केला होता तो वापराचा परवाना, वाडीची मालकी नव्हे. परवाना वापरकर्त्याच्या हयातीपुरता असतो व अन्य कोणाच्या नावे करता येत नाही. वापरकर्ता हयात नसल्याचे आपण कळविल्यामुळे ही जागा एकवीस दिवसांत मोकळी करण्यात येईल. वापरकर्त्याने दिलेले साहित्य अटींनुसार कंपनीकडे राहील.'

जान्हवी वाचता वाचता थांबली. शिवदास म्हणाला, "माका समाजला नाय. विकत घेतलेली ना ती?"

"बटणावर तसं लिहिलं होतं पप्पा. आत अटींमध्ये वेगळं आहे."

"मगे बटणार कित्याक लिवल्यानी?"

जान्हवीच्या ऑफिसमधल्या वकीलबाई म्हणाल्या, ग्राहक आयोगात तक्रार घाला, मुद्दा दमदार आहे. तिने घातली. पहिली तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली.

उत्तर आलं त्याच दिवशी साडेचारला शिवदास कप घेऊन बसला. सखी अंगणात आली. तिने त्याच्याकडे तोंड केलं, तिचे ओठ हलले, आणि आवाज आला नाही. शिवदासने मोबाइल कानाला लावला, बटणं दाबली, शेजाऱ्याकडून हेडफोन आणून लावले. ओठ पुन्हा हलले. कोंबड्यांची कलकल ऐकू येत होती, पाण्याचा आवाज येत होता. फक्त ती मुकी झाली होती. सगळ्यात आधी त्यांनी आवाज नेला होता.

मग एकेक करून वाडी जायला लागली. कोणी तोडताना दिसायचं नाही. सकाळी फणस असायचा, संध्याकाळी नसायचा, आणि फणसाची सावली मात्र जमिनीवर दोन दिवस पडून राहायची. कोंबड्या गेल्या, सखी रिकाम्या अंगणात दाणे टाकत राहिली. विहीर गेली, तरी ती त्या जागी वाकून दोर ओढायची. शिवदास रोज बघायचा. त्याच्या कामात चुका व्हायला लागल्या, लेथवर माप चुकायला लागलं. चाळीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं.

घाडीगावकरांच्या घराण्याकडे गावात गाऱ्हाण्याचा मान. जागेत काही बाधा झाली, कोणी हद्द सरकवली, की नारळ ठेवून जागेवाल्याला हाक घालायची. प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, माणसं येतात नि जातात, खरा धनी तोच, असं शिवदास लहानपणापासून ऐकत आला होता. मुंबईत त्याने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी आंघोळ करून त्याने फळीवर मोबाइलसमोर नारळ ठेवला, विडा ठेवला, हात जोडले. जान्हवी डबा घेऊन आली होती ती दारातच थबकली.

"बा देवा म्हाराजा," शिवदासने सुरुवात केली आणि तो अडला. गाऱ्हाण्यात आधी गाव सांगायचा, मग वाडी, मग चारी सीमा. त्याशिवाय ज्याला सांगायचं त्याला कळणार कसं?

"जान्हवी, ती जागा खंय आसा गो?"

"कुठली?"

"आवशीची वाडी. खंयच्या गावात येता?"

"कुठेच नाहीये पप्पा. कंपनीच्या मशीनमध्ये आहे. ती मशीनसुद्धा कुठल्या देशात आहे, काय माहीत."

शिवदासने हात खाली घेतले. ज्या जागेला सीमा नाही तिला राखणदार कुठून असणार? आपली बायको आपण कुठे ठेवली होती, हेच त्याला माहीत नव्हतं. नारळ त्याने फोडला नाही, जान्हवीला देऊन टाकला.

एकविसाव्या दिवशी घरही गेलं. उघड्या माळावर सखी एकटी उभी होती. चूल नव्हती, कप नव्हता, तरी ती वाकून काहीतरी गाळत होती. गाळून झाल्यावर तिने तोंड वर केलं, ओठ हलवले आणि वाट बघत उभी राहिली. "इलंय," शिवदास म्हणाला. पडदा पांढरा झाला. मग अक्षरं उमटली, 'ही जागा उपलब्ध आहे. विकत घ्या. कायमची तुमची.'

यानंतर शिवदासने परत उशिराची पाळी घेतली. तक्रारीला तारखा पडत राहिल्या. कंपनीकडून कधी वकील यायचा, कधी नुसतं पत्र यायचं. शिवदास जान्हवीला म्हणायचा, माझ्याकडे एक आहे ते कोणी नेऊ शकत नाही. साडेचारला, लेथ चालू असला तरी, त्याला ती हाक मनात ऐकू यायची. जशीच्या तशी, तोच हेल, 'अवो'वरचा तोच रुसवा. ती त्याच्याजवळ आहे, एवढ्यावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

सात-आठ महिने गेले. गाळ्यात एका कंपनीचे बुशिंगचे सुटे भाग तपासायला निहार नावाचा इंजिनियर आला. तिशी ओलांडलेला, नागपूरकडचा, मरोळला भाड्याने एकटा राहणारा, बोलायला नम्र. दुपारी दोघे डबे उघडून समोरासमोर बसले. तेवढ्यात निहारच्या खिशातून कोणीतरी म्हणालं, "निहार, जेवलास का? डबा संपव बरं सगळा."

शिवदासचा घास हातात राहिला. भाषा पुस्तकी होती, तशी सुगंधा जन्मात बोलली नसती. पण वाक्याच्या आधी तो एवढासा थांबा, ओठांत टाचणी धरून बोलायची सवय असलेल्या बाईचा. आवाज तिचाच होता.

"कोण हा ती?" त्याने कसंबसं विचारलं.

निहार लाजला. "खेळ आहे काका. तयार आवाज मिळतात त्यात, मी हा घेतला. माईचा आवाज म्हणून आहे. रूमवर कोणी नसतं, बरं वाटतं." मोबाइलच्या पडद्यावर परकं बंगलेवजा घर होतं आणि दारात हिरव्या लुगड्यातली सखी. "विकतच घेतलाय, कायमचा. काही लिहिलं तरी बोलते. नाव टाकलं की नावाने हाक मारते. तुमचं टाकू?"

शिवदासने नको म्हणायला हवं होतं. पण आठ-नऊ महिने झाले होते तो आवाज ऐकून, आणि माणसाच्या जिवाला तहान असते. त्याने मान हलवली. निहारने पूर्ण नाव विचारून बोटांनी लिहिलं.

"शिवदास," सुगंधा म्हणाली. "शिवदास, चहा झालाय. ये बरं लवकर."

चौतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव एकदा घेतलं होतं, घरात पाऊल टाकताना, उखाण्यात, तेही नणंदांनी वाट अडवली म्हणून. कोकणातल्या तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. दवाखान्यात केसपेपरवर सांगायचं झालं तरी ती जान्हवीला पुढे करायची. ही ती नव्हे, हे शिवदासला लख्ख कळलं. आणि तरी त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"व्हय गो," तो म्हणाला. "इलंय."

निहार हसला. मग त्याने शिवदासचा चेहरा पाहिला आणि मोबाइल खिशात टाकला.

शिवदासने डबा तसाच बंद केला, शेठला अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं आणि घरी आला. मशीनजवळ, फळीकडे तोंड करून बसला. घड्याळात साडेचार वाजले. त्याने डोळे मिटले आणि सुगंधाची जुनी हाक आठवायला सुरुवात केली, तो हेल, ते 'अवो', तो रुसवा. त्याला फक्त तेवढं एकदा ऐकायचं होतं, आपल्याजवळ अजून आहे याची खात्री करायला.

हाक आली. तिने त्याला नावाने बोलावलं.