रांगेत नसलेला आवाज

आमचे भजनीबुवा पोरं डोळ्यांनी मोजत नसत. देवळात आम्ही रांगेने उभे राहिलो की ते डोळे मिटून भिंतीला टेकायचे. कोण आला नाही, कोण उपाशी आलाय, हे त्यांना पहिल्या अभंगातच कळे. आणि कधीतरी, फार क्वचित, ते हळूच म्हणत, "आज एक जास्त हाय."

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. बाप्यामाणसं कामाला मुंबईला, म्हणून भजनाला उरली पोरंच. खालच्या गावचे लोक बायकी आवाजाचं भजन म्हणून टिंगल करत. बुवा म्हणायचे, "मोठा गातो तवा माणूस ऐकू येतो. पोरगा गातो तवा नुसतं गाणं."

कोवळ्या गळ्यांचा सूर एकाला एक मिळाला की त्यांच्यावर आणखी एक बारीक आवाज उभा राहतो, कुणाचाच नसलेला. त्याच्यासाठी बुवा रांगेत एक जागा मोकळी ठेवत. तिच्याशेजारी उभं राहायला कोणी धजत नसे. मीच राहायचो, कारण मी सगळ्यांत भित्रा आणि भित्र्याला नाही म्हणता येत नाही. माझी ती बाजू गार पडायची. दार तिकडे होतं, म्हणूनही असेल.

गाताना मला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. आठवीत शाळा सुटली, त्याच वर्षी माझा आवाज फुटला. अभंग मध्येच चिरकला, पोरं फिसकन हसली. आता आपण कशालाच लायक नाही असं वाटून रडू आलं. बुवांनी मला समोर, आपल्याशेजारी बसवलं. म्हणाले, "इतके दिस देत होतास. आता घे."

पोरं पुन्हा गायली आणि त्या मोकळ्या जागेतून तो आवाज आला. मी उठू लागलो तर बुवांनी मनगट धरलं. "पळू नको. भितोस म्हणून तर ऐकू येतो तुला." माझ्या भित्रेपणाला कुणी किंमत दिली, ती तेवढी एकदाच.

पुढे परदेशात हॉटेलच्या भटारखान्यात लागलो. समोर मोठं दगडी चर्च. तिथे संध्याकाळी पांढरे झगे घातलेली पोरं गातात. एकदा आत शिरलो, कुणी उठवेल या धास्तीनेच मागच्या बाकावर टेकलो. भाषा कळत नव्हती. सूर जुळला आणि उंच छताखाली तो उभा राहिला. तोच. हे बुवांना सांगायचं म्हणून रजा मागून गावी आलो.

बुवांचे कान पार गेले होते. पोरंही उरली नव्हती. कुणी मुंबईला, कुणी शाळेसाठी खाली बिरवाडीला, भाड्याच्या खोल्यांत. भरदुपारी बुवा देवळात एकटेच भिंतीला टेकलेले. पाया पडून मी कानाशी ओरडून चर्चची हकिकत सांगू लागलो. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू रे. चाललंय."

देऊळ रिकामं होतं. बुवांचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं.

"समदी आलीत," ते म्हणाले. "तू पण हायस. सुरात हायस."

ती आमची शेवटची भेट. मला काहीच ऐकू येत नव्हतं. गाडीची वेळ टळत होती, तरी उठायचा धीर झाला नाही. मी उठलो तर रांगेतला मी गायचा थांबेल, अशी भीती वाटली.