कोरडा डाख

आत्याने एकोणतीस वर्षं एका कारखान्यात तारा जोडल्या. दवाखान्यात पेशंटच्या छातीला लावतात त्या यंत्राच्या तारा. डाख द्यायचा, म्हणजे वितळलेल्या धातूच्या थेंबाने तार पिनेला पक्की करायची, आणि त्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. तपासणीवाले प्रत्येकीची तार ओढून बघायचे. आत्याची ओढायचे ती नुसती रीत म्हणून. निवृत्त झाल्यावर ती भाच्याकडे राहायला आली. घरात मात्र तिचं सगळं आयुष्य ‘आत्या कारखान्यात होती’ एवढ्या तीन शब्दांत आटपायचं.

भाचा दातांचा डॉक्टर. त्याला वेड होतं हेडफोनवर गाणी ऐकण्याचं. मागच्या खोलीत टेबलावर प्लेअर, शेजारी अॅम्प्लिफायर, आणि त्या दोघांना जोडणारी हातभर लांबीची तार. सध्या त्याचा जीव त्या तारेत अडकला होता. त्याने नवीन तार मागवली होती, अंगठ्याएवढी जाड, वरून चंदेरी वेणी घातलेली, मखमली डबीतून आलेली. तिच्यासमोर प्लेअरबरोबर फुकट आलेली काळी तार म्हणजे अगदीच गरीब बिचारी. तिसरी एक तार खणात होती. तो कॉलेजात असताना आत्यानेच ती करून दिली होती.

एका रविवारी सकाळी त्याचा मित्र आला. त्याचं चष्म्याचं दुकान. नव्या तारेचं कौतुक त्याने अर्धा तास निमूट ऐकून घेतलं, मग म्हणाला, “मी दिवसभर गिऱ्हाइकांना एकच विचारतो, आता बरं दिसतं की मघाशी? डोळ्यासमोर कुठलं भिंग आहे हे त्यांना माहीत नसतं, म्हणून ते खरं सांगतात. तूही तार न बघता सांग.”

“सांगतो की. आत्या, तू बदलत जाशील का तारा?”

आत्याने पदर खोचला. भाचा टेबलाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसला. तिन्ही तारा चार-चार वेळा, उलटसुलट क्रमाने. गाणं तेच, कडवं तेच, आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. तो सांगत गेला, मित्र कागदावर मांडत गेला.

बाकी दोन तारांत त्याचा गोंधळ उडाला, पण नवी तार त्याने चारही वेळा बरोबर ओळखली. मित्राचा चेहरा उतरला.

“ऐकताक्षणी कळतं,” भाचा खुर्ची वळवत म्हणाला. “या तारेत जागा आहे. गायिका जरा उजवीकडे, मोकळ्यावर उभी राहून गाते.”

“उजवीकडे का?” आत्याने विचारलं.

“का म्हणजे?”

“बाकीच्या दोन्ही तारांत ती मधे उभी असते ना? मग हिच्यात कशाला सरकली?”

तिने नवी तार जोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. मग तारेच्या टोकाच्या दोन प्लगांपैकी डाव्या कानाचा प्लग दोन बोटांत धरून हळूच हलवला, तसं कानात खर्र झालं. तिने हेडफोन उतरवला आणि प्लगचं टोपण फिरवून काढलं.

“कोरडा डाख आहे,” ती म्हणाली. “चांगला डाख चकचकतो. हा बघ, राखेसारखा. डाव्या कानाला आवाज कमी पोचतोय, म्हणून तुझी बाई उजवीकडे गेली.”

भाच्याने दात बघायचं भिंग आणलं. थेंबाभोवती केसाएवढी फट होती. भरलेल्या दाताखाली पोकळी राहून जावी, अगदी तशी. या बाबतीत त्याला जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

आत्याने कपाटातून कापडात गुंडाळलेली आपली इस्त्री काढली. कपड्यांची नव्हे, डाख द्यायच्या सळईला कारखान्यातल्या बायका इस्त्रीच म्हणायच्या. जुना थेंब उचलला, तार खरवडली, कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला. राळेचा वास खोलीभर झाला. नवा थेंब पाण्यासारखा पसरला आणि जागच्या जागी लखलखला.

पुन्हा बारा वेळा ऐकणं झालं. आता भाच्याची पाच उत्तरं बरोबर आली.

“चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी एवढी आली असती,” मित्र म्हणाला.

ज्या गोष्टीची भाचा आठवडाभर तारीफ करत होता ती बिघाड निघाली होती. मग त्याला हसू आलं. “म्हणजे आत्या, तुझीच तार सगळ्यात चांगली.”

“नाही रे. तिन्ही सारख्या. तारेने पदरचं काही घालायचं नसतं. आमच्या तारांतून माणसाच्या छातीचा ठोका जायचा. आम्ही त्यात आमचं काही मिसळलं असतं, तर डॉक्टरने काय वाचलं असतं?”

भाच्याने खुर्ची पुढे ओढून विचारलं, “दिवसाला किती तारा करायचीस गं?” इतक्या वर्षांत हे तिला घरात कोणी विचारलं नव्हतं. ती सांगत बसली. जेवणं दोन तास लांबली आणि भाचेसुनेने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण तीही दारात उभी राहून ऐकत होती.

तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर आपल्या आत्याची गोष्ट सांगतो. तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेला माणूस दुसरं काय करणार, बिचारा ऐकून घेतो.

पुढच्या रविवारी चष्मेवाला आपल्या घरची तार घेऊन आला. आत्याने टोपण काढलं, तार ओढून बघितली, खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळली.

“हिला काही करायला नको,” ती म्हणाली. “कोणी केली?”

“कोण जाणे. खोक्यात आली.”

“कोणीतरी बाई असणार. हात फार चांगला आहे तिचा.” आणि तिने टोपण हलक्या हाताने फिरवून बसवलं.