आबांचा निकाल

आमचे आबा एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची, तेलावर चालणाऱ्या नायट्रो इंजिनाची गाडी घेतली, तेव्हा त्यांना म्हातारचळ लागला म्हणून रेवदंडाभर बोभाटा झाला. होऊ दे! उधाणाच्या ओहोटीला समुद्र लांब जातो, वाळू टणक पडते. तेव्हा आसपासचे चार शौकीन आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि शर्यत लागायची. पुढे काचबिंदूने आबांची नजर गेली. रिमोट माझ्या हातात आला, आणि निकाल आबा देऊ लागले, शेवटच्या रेघेपाशी अनवाणी उभं राहून, नुसत्या आवाजावरून. प्रत्येक इंजिनाचा गळा त्यांच्या ओळखीचा. मलाही लांबून सुनावायचे, "गाडी उपाशी चाललीय गं, तेल वाढव!"

मग धाकट्या भावाने बॅटरीची गाडी आणली. तो पनवेलकडे कंपनीत आहे, त्याला सगळं नवं लागतं. "ताई, धूर नाही, कटकट नाही, बटण दाबलं की सुटली." होतीही मुलखाची वेगवान, सरावातच माझी खाकरून सुरू होईस्तोवर ती वळणापार. मला असा राग यायचा! शर्यतीला आवाज नको, तर घरी बसून कॅरम खेळा की.

पौर्णिमेच्या शर्यतीत ती गाडी आबांच्या पायाजवळून रेघ ओलांडून गेली आणि त्यांना पत्ताच नाही. मागून माझी भडभडत आली. आबांनी हात उंच केला, "पहिली आमची ताई!" एकजण फिसकन हसला. आबांनी हात हळूच खाली घेतला.

घरी पाय धुताना म्हणाले, "पुढच्या टायमाला मला नेऊ नका. माझा आता उपेग न्हाय."

मी भावावर तोंड सोडलं. "तुझ्या त्या मुक्या गाडीने माझ्या बापाला घरात बसवलं!"

"तुझ्या एकटीचाच बाप आहे का गं?" तो म्हणाला आणि न जेवता पनवेलला निघून गेला.

अमावास्येला सकाळीच आला. आजोबांच्या शर्यतीच्या बैलांची घुंगरमाळ आमच्या पडवीत खुंटीला असते. त्यातली चार घुंगरं सोडवून त्याने गाडीच्या मागच्या बाजूला तारेने आवळली.

"वजनाने हरशील, येड्या," मी म्हटलं.

"हरू दे."

आबा झोपाळ्यावर तोंड फिरवून बसले होते. भावाने त्यांच्या कानाशी गाडी नुसती हलवली.

"ही तर आपल्या बैलांची माळ!" आबा उठलेच. काठी विसरले, माझा खांदा धरून निघाले.

शर्यतीत मी काही दयामाया दाखवली नाही. शेवटच्या फेरीला दोन्ही गाड्या जोडीने आल्या. मी उभी होते तिथून खरंच काही कळेना. एकजण रेघेपाशी वाकला, बाकी सगळे आबांकडे बघत राहिले. रेघेवर खुळखुळ आणि भडभड एकदमच झाली, आणि आबांचा हात वर गेला.

"घुंगरं आधी! ताई, हरलीस गं तू!"

रेघेपाशी वाकून बघणाऱ्याने मान डोलावली, "बरोबर, आबा." मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. माझं नाक ओढणं त्या गोंगाटातही त्यांना ऐकू गेलं.

"रडतेस कशाला?" आबा म्हणाले. "तेल वाढव म्हणून कितीदा सांगितलं!"