सासूबाई, माझ्या कस्टमर

माउसला हात लावायचा नाही आणि चिडायचं नाही. परीक्षेच्या अटी एवढ्या दोनच होत्या, आणि दोन्ही माझ्या मुळावर आल्या.

आयटीच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीचं माझं शेवटचं सत्र चालू होतं. इथे अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात राउटर, केबली, सर्व्हर असलं सगळं मी झोकात पार केलं होतं. राहिली होती हेल्पडेस्कची प्रॅक्टिकल. म्हणजे काय, तर समोरच्याच्या मशीनचं दुखणं फोनवरून, नुसत्या बोलण्याने बरं करायचं. तेही गोड बोलून. हे ऐकून माझा नवरा सोफ्यावरून खाली घसरला. हसून हसून! "गोड? तू? यार, आत्ताच कोर्स ड्रॉप कर," म्हणाला. मी उशी फेकून मारली. ती त्याला लागली नाही याचा मला अजून राग आहे.

पण ड्रॉप करणं शक्यच नव्हतं. लग्नानंतर इतकी वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात काढल्यावर नुकतं कुठे वर्क परमिट हातात आलं होतं, आणि कॉलेजच्याच हेल्पडेस्कवर एक जागा निघाली होती. सर म्हणाले होते, प्रॅक्टिकल निघाली तर ती जागा तुझी. मला ती हवी होती. इतकी हवी होती, की गळ्यात गाडीच्या किल्लीची दोरी अडकवून ओळखपत्र असल्यासारखी मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालून बघितल्या. चांगली दिसत होते हो!

वर्गातल्या सरावात माझा जोडीदार होता एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर आजोबा. एकमेकांकडे पाठ करून बसायचं, तो कस्टमर, मी हेल्पडेस्क. या भल्या माणसाला स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचायची हौस. मी म्हणायची, निळं बटण दाबा. तो बटण सोडून त्याच्या खालच्या बारीक अटी वाचायला घ्यायचा, सावकाश, प्रवचनासारख्या. तिसऱ्या परिच्छेदाला माझा तोल सुटला. गर्रकन वळले, त्याच्या हातातला माउस हिसकावला आणि दाबलं बटण. सर शांतपणे म्हणाले, "परीक्षेत असं केलंस तर नापास." आजोबा म्हणाले, "माझी बायको पण अशीच आहे." सगळा वर्ग खिदळला, मी पण.

मग सरांनी परीक्षेचं स्वरूप सांगितलं. प्रत्येकाने घरचा एक माणूस आणायचा, ज्याने जन्मात स्वतःहून व्हिडिओ कॉल लावलेला नाही. भाषा कुठलीही चालेल. त्याला नुसतं फोनवर सांगून व्हिडिओ कॉलमध्ये आणायचं. त्याचा चेहरा वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दिसला, की पास. आणि शेवटी "आणखी काही मदत करू का?" हे विचारल्याशिवाय कॉल पूर्ण धरणार नाहीत.

आता असा माणूस आणायचा कुठून? माझी आई तर नातेवाइकांना दिवसभर रील पाठवून पिडते. उरल्या नागपूरच्या सासूबाई. आम्ही नेऊन दिलेला टॅब त्यांनी नवा राहावा म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवलेला. फोन करायच्या, पण व्हिडिओ म्हटलं की, "माझं काय पाहायचं आता," म्हणून उडवून लावायच्या. मी आपली भीत भीतच विचारलं. तर म्हणतात कशा, "तुझी परीक्षा आहे ना? मग बसते मी. पण बापा, मी चुकली तर तू नापास होशील का?" मी म्हटलं, "चुका बिनधास्त. दुरुस्त करायचेच मार्क आहेत."

परीक्षेच्या दिवशी आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे दिवेलागण झालेली. टेबलावर माझा फोन स्पीकरवर, मागे मोठा पडदा, बाजूला सर हाताची घडी घालून. मी जिभेवर साखर घोळवत म्हटलं, "नमस्कार आई, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडून दबक्या आवाजात, "अगं, बरी आहेस ना तू? अशी काय बोलून राहिली?"

पण बाई काय हुशार निघाली! टॅब चालू झाला. मेसेज उघडला. लिंक दाबली. माइकला परवानगी, कॅमेऱ्याला परवानगी, सगळं एका दमात. वर्गातल्या स्पीकरमधून त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज घुमला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी तर मनातल्या मनात नोकरीवर रुजूच झाले! मागे वळून पडद्याकडे पाहिलं, आणि पडदा काळा. अगदी काळा पण नाही, लालसर अंधार.

"आई, कव्हर काढलंय ना?"

"काढलं की."

"कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तुम्ही स्वतः दिसताय का?"

"दिसून राहिली ना."

"कशा दिसताय?"

"आहे तशीच. छान झालं गं. सांग सरांना, झालं म्हणून."

ही बाई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती! आणि तो "छान झालं"चा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पुरणपोळीला अगदी अस्साच आला होता. आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला पण. म्हणजे इतकी वर्षं...! भर वर्गात मला एकदम हसू फुटलं आणि त्याच दमात संतापही आला. सरांनी घड्याळाकडे बघितलं. ओठांवर आलं होतं, "आई, उगाच थापा मारू नका!" ते गिळलं. खरंच गिळलं, आवंढ्यासकट. नवऱ्याला यायला हवं होतं बघायला.

चिडायचं नसेल तेव्हा काय विचारायचं, हे सरांनी शिकवलं होतं: मशीनला काय काय केलंत? मी विचारलं, "आई, टॅब कपाटातून काढल्यापासून काय काय केलं, मला सगळं सांगाल?"

सासूबाई खुलल्या. "काही नाही गं, फडक्यानं पुसला. पाटावर मांडला, भोवती रांगोळी काढली. तुझी परीक्षा ना! मग शेजारच्या काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं."

"कुंकू कुठे लावलं?"

"वर, मधोमध. तो बारीक गोल आहे ना, तिथेच. कपाळच ना ते त्याचं?"

मी डोक्याला हात लावला. कॅमेऱ्यावर! चांगलं ठसठशीत बोट माखलं होतं काकूंनी. मी इंग्रजीत सरांना सांगितलं तसे ते टेबलाला टेकून हसायला लागले, आजोबांनी डोळे पुसले, सगळ्या वर्गात हशा पिकला. आता काय, एक वाक्य बोलायचं आणि परीक्षा खिशात.

मी तोंड उघडलं, आणि ते वाक्य बोलवेना. "आई, कुंकू पुसा." हे कसं म्हणायचं? सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा घरातल्या मोठ्या बायकांनी सासूबाईंच्या बाबतीत ते केलं होतं, मी तिथे उभी होते आणि काही बोलले नव्हते. तेव्हापासून त्यांचं कपाळ मोकळं होतं. आणि तेव्हापासूनच त्यांना व्हिडिओ नको झाला होता. मला हे दोन्ही माहीत होतं, एकत्र जोडायचं कधी सुचलं नव्हतं.

सरांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"आई," मी म्हटलं, आणि हा आवाज काही हेल्पडेस्कचा नव्हता, "ते कुंकू बोटानं उचला. आणि स्वतःच्या कपाळाला लावा."

"माझ्या?"

"हो, तुमच्या. उरलेलं पदरानं टिपून घ्या."

पलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "लावा हो वहिनी. पोरीची परीक्षा अडली आहे."

पडद्यावरचा अंधार हलला. आधी एक भलंमोठं बोट दिसलं, मग पदराचा काठ, आणि मग एकदम लखकन सगळं! मागे ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीने बसलेल्या गल्लीतल्या समस्त काकू, इतका वेळ तोंडाला पदर लावून गप्प बसलेल्या, आता हात हलवत ओरडत होत्या. आणि पुढे सासूबाई. कपाळावर कुंकू, थोडं वाकडं, थोडं नाकावर सांडलेलं. वर्ग बाकं बडवायला लागला. सरांनी अंगठा वर केला. मी नाचायचीच बाकी होते!

पण शेवटचा प्रश्न राहिला होता. तो विचारल्याशिवाय सुटका नाही. मी घसा साफ केला. "आई, आणखी काही मदत करू का?"

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीत बघत होत्या.

"थांब जरा," म्हणाल्या. "बंद नको करूस. मला पाहू दे."