आमच्या ट्रकची तोंडी परीक्षा

आमच्या घरातून परीक्षेला बसलेला शेवटचा उमेदवार म्हणजे आमचा ट्रक.

ट्रक तसा भियाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. घाटंजीच्या पुढे आमचा तांडा आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. तो वारसा घरात एकट्या भियाने चालवला, फक्त बैलांच्या जागी ट्रक आला. (बैलही मागून काही कमी सोडत नसत, पण त्यासाठी त्यांना कुणी सर्टिफिकेट मागितल्याचं ऐकिवात नाही.) मी शाळेत मास्तर झालो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे.

ट्रकचं वय झालं होतं. चढ लागला की तो असा धूर सोडायचा, की मागचा मोटारसायकलवाला घरून पांढरा सदरा घालून निघाला तरी घाटंजीत राखाडी सदऱ्यात उतरायचा. सायलेन्सरची अवस्था तर अशी, की नळीला भोकं पडली आहेत की भोकांभोवती नळी उरली आहे, ते सांगणं कठीण. भियाने त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने आवळला होता. आवाज इतका, की ट्रक मागच्या गावात असतानाच वहिनी तवा चुलीवर ठेवायची, आणि भिया हातपाय धुऊन बसेपर्यंत गरम भाकर ताटात पडायची. त्या आवाजाबद्दल आमच्या घरात कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार जिनिंगच्या शेठजींची होती. कापसाचा हंगाम तोंडावर आला आणि त्यांनी निरोप धाडला, की यंदा पीयूसी, म्हणजे धुराचं सर्टिफिकेट, नसलेली गाडी फाटकाच्या आत घेणार नाही. सोमवारी सकाळी पहिली गाडी भरायची. रामधनचा ट्रक आला नाही तर हंगाम दुसऱ्या ट्रकला. रामधन म्हणजे आमचा भिया. त्याने आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही, आणि वर्षाची जी काही कमाई व्हायची ती त्या कापसाच्या चार महिन्यांत व्हायची. निरोप ऐकून तो नीट जेवलाही नाही. “ट्रक बसला तं मी बी बसलो,” एवढंच म्हणाला. मला त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून मी मदत करायचं ठरवलं, आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

पीयूसीवाल्या साहेबांची टपरी यवतमाळच्या रस्त्यावर आहे. आम्ही ट्रक घेऊन गेलो, तर साहेबांनी खाली वाकून सायलेन्सर पाहिला आणि मशीनची नळी परत गुंडाळून ठेवली. “नळी घालू कुठं?” ते म्हणाले, “हा तं सगळीकूनच धूर सोडते.” थोडक्यात, उमेदवाराला वर्गातच बसू दिलं नाही.

मग मी सुट्टी काढली. आम्ही वणीला गेलो. कोळशाच्या ट्रकांमुळे तिथे जुन्या मालाची मोठी दुकानं आहेत. तिथून एक धडका सायलेन्सर आणि मागची नळी घेतली. ती बसवायला घाटंजीचा शेरू मिस्त्री. त्याने नोझल साफ केले, एअर फिल्टर बदलला, जोडाला नवीन पॅकिंग घातलं. सायलेन्सर खालून धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ट्रकखाली उताणा पडून मी शेरूला ज्वलनक्रिया समजावून सांगत होतो, तेव्हा वरून जुन्या नळीचा गंज आणि काजळी माझ्या उघड्या तोंडात पडली. शेरूने काम थांबवलं नाही. उलट त्यानंतर काम लवकर झालं असं त्याने भियाला सांगितलं.

नवीन सायलेन्सरला भियाने हौसेने चंदेरी रंग मारला. ट्रक सुरू झाला तर आवाजच नाही! आम्ही तांड्यात पोचलो, दारात उभे राहिलो, तरी कुणी बाहेर येईना. वहिनी अंगणात आली, ट्रक पाहून दचकली आणि भियावर घसरली. चोरावानी कायले आले, आता मी भाकर कवा टाकू, असं तिचं म्हणणं. त्या संध्याकाळी आम्ही उशिरा जेवलो. मला मात्र अभिमान वाटत होता.

जेवताना याडीने, म्हणजे आमच्या आईने, विचारलं की हे सगळं चाललंय काय. (याडी घरात गोरबोलीच, म्हणजे आमची बंजारा बोलीच, बोलते. तुमच्या सोयीसाठी मी तिला इथे वऱ्हाडीत बोलायला लावलं आहे. तिला सांगू नका.) भिया थकला होता, त्याने माझ्याकडे बोट केलं. अवघड गोष्ट सोप्या उदाहरणाने शिकवावी, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. मी घास ठेवला आणि शिकवायला बसलो.

“याडी, उद्या आपल्या ट्रकची परीक्षा हाये.”

“ट्रकची? कायची परीक्षा?”

“धुराची. साहेब त्याच्या तोंडात नळी घालते अन् पाह्यते, आत घाण किती हाये ते.”

“त्याचं तोंड कोनतं?”

मी तिला अंगणात नेलं, बॅटरी मारली आणि सायलेन्सरचं चंदेरी टोक दाखवलं. याडीने वाकून आत पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.

“अन् नापास झाला तं?”

“तं रामधन भियाचा हंगाम गेला.”

याडी बराच वेळ ट्रककडे पाहत उभी राहिली. विषय विद्यार्थ्याच्या डोक्यात उतरला की मास्तरला एक समाधान होतं, ते मला झालं. विषय उतरला होता यात शंका नाही.

सकाळी याडीने ट्रकला कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बदलली आणि स्टीलचा मोठा डबा मांडीवर घेऊन केबिनमध्ये येऊन बसली. मी बी येते म्हने, एवढ्या मोठ्या कामाले पोरगं एकटं कसं धाडू. पोरगं म्हणजे भिया असावा असं मी समजलो. डबा आमच्या दुपारच्या जेवणाचा असावा असंही मी समजलो.

टपरीवर रांग होती. शनिवार होता आणि रविवारी टपरी बंद. नंबर यायला वेळ होता म्हणून भिया आणि मी समोर चहाला गेलो. याडी म्हणाली, मी इथंच बसते ट्रकजवळ. आम्ही परत आलो तेव्हा ती ओढणीला हात पुसत होती आणि तिच्या चेहऱ्यावर शांतता होती.

नंबर आला. साहेब पांढऱ्या शर्टात होते. त्यांनी मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घातली, ती जाईना. साहेबांनी जोर लावला. आत काही अडकलं आहे का, असं त्यांनी विचारलं. भियाच्या आधी मीच उत्तर दिलं, की नवीन माल आहे, सुरुवातीला टाइट असतो. साहेबांनी आणखी जोर लावला. नळी गेली.

“रेस द्या,” साहेब म्हणाले.

भियाने पाय दाबला. मागून पांढरा धूर निघाला, जाड आणि संथ. त्याला वास होता, आणि तो डिझेलचा नव्हता. रांगेतला एक टेम्पोवाला नाक वर करून म्हणाला, कोनाच्या घरी पूजा हाये का आज. मशीनवरचा आकडा चढत चालला. साहेब एकदा आकड्याकडे, एकदा नळीकडे पाहत होते.

“डिझेल कोनतं टाकता हो तुमी?”

भियाला केबिनमध्ये ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, आणखी रेस मागतात. त्याने सगळा पाय दाबला.

फट्ट! असा आवाज झाला. साहेबांची नळी बाहेर आली, आणि नळीच्या मागोमाग एक गरम, ओला, तपकिरी गोळा आला आणि साहेबांच्या शर्टावर बसला. इंजिन बंद झालं. साहेबांनी शर्टावरचा एक कण दोन बोटांत धरला, वास घेतला, उजेडात पाहिला.

“हा तं दलिया हाये,” ते म्हणाले.

“लापसी होय ते,” याडी म्हणाली. “गूळ-तुपाची. डब्यात हाये अजून, साहेब, तुमी बी खा.”

“आजी, ट्रकले लापसी काहून चारली?”

“आता घ्या! परीक्षेले चालला ना तो. तोंड गोड केल्याबिगर पोराले परीक्षेले धाडते का कोनी?” आणि मग तिने मला पुढे केलं. “हा आमचा मास्तर. यानंच सांगतलं मले. तोंड बी यानंच दाखवलं, बॅटरी मारून.”

सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. साहेबांनी शर्ट झटकला. तो झटकण्याने जाणारा प्रकार नव्हता.

“मास्तर,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे त्याचं तोंड नाही होय. हे दुसरं टोक हाये.”

याडीने ओढणीचा पदर तोंडावर घेतला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी शाळेत कुणाला काय काय शिकवलं असेल, असा प्रश्न तिच्या नजरेत होता.

मशीनच्या नळीत गूळ शिरला होता. ती धुऊन वाळल्याशिवाय कुणाचीच गाडी तपासता येणार नव्हती, आणि तुमची गाडी आता सगळ्यात शेवटी, असं साहेबांनी सांगितलं. वेळ उरला तर. भिया रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला. तो हंगाम मी घालवला होता, माझ्या एका सोप्या उदाहरणाने. मला रडू येत होतं, पण रांग पाहत होती.

म्हणून मी सायलेन्सर साफ करायला घेतला. टेम्पोवाल्याने बादली दिली. कडुनिंबाची काडी तोडली, टोक चावून मऊ केलं आणि ट्रकचं ते टोक आतून घासू लागलो. गुळावर मुंगळे आधीच पोचले होते, त्यांनी मला दुपारभर सोबत केली. रस्त्याने जाणारे माझे दोन विद्यार्थी थांबले आणि काय करून राह्यले सर, म्हणून विचारू लागले. मी पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं नाही.

टपरीचं शटर अर्धं खाली आलं होतं तेव्हा साहेबांनी आम्हाला हाक मारली. शर्टाच्या जागी ते आता बनियनवर होते. नळी आत गेली, सहज गेली. रेस द्या. पुन्हा द्या. सोडा. मागून जे निघालं ते इतकं फिकट होतं, की भिया केबिनमधून मान बाहेर काढून पाहू लागला. मशीनने कागद बाहेर टाकला. साहेबांनी तो वाचला, वर पाहिलं आणि म्हणाले, “पास.”

भियाने कागद घेतला, दोनदा वाचला आणि ट्रकच्या फाळक्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. मीही आनंदाने नाक पुसलं, आणि काजळी-गुळाने माखलेल्या हातांनी ते दिवसभर पुसायला नको होतं असं लक्षात आलं. साहेबांनी उरलेली लापशी खाल्ली. चांगली झाल्याचंही सांगितलं.

परत येताना केबिनमध्ये याडी आमच्या दोघांच्या मधे बसली होती. रिकामा डबा मांडीवर होता. टपरी मागे पडली.

“पाह्य रे मास्तर,” मग ती म्हणाली, “याले उलट्या तोंडानं चारली, तरी दुसऱ्या खेपेले पास झाला. तुले सुलट्या तोंडानं चारत होती, तरी गनितात चार खेपा लागल्या.”

भिया गेअर बदलता बदलता हसायला लागला आणि घाटंजीपर्यंत हसत राहिला. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

सोमवारी त्याचा ट्रक जिनिंगच्या फाटकातून सगळ्यात आधी आत गेला. मी शाळेत गेलो. पहिला तास गणिताचा होता. गणित मीच शिकवतो.